घोड्यांची वैरण आणि दिव्याची वात

मराठा घोडदळाचे यश रणांगणाइतकेच पागेतही ठरत असे. सभासद बखरीनुसार शिवछत्रपतींच्या पागेत २५ बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. पावसाळ्यात लष्कर छावणीत परते. तेथे दाणा, वैरण व औषधे आधीच साठवलेली असत.

इ.स. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी चिपळूण परिसरातील छावणीच्या अधिकाऱ्यांना पत्राने बजावले : साठा आताच उधळला, तर भर पावसात घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमचा. मग शिपाई रयतेला लुबाडतील. रात्री दिवा तेवत ठेवू नका. उंदराने जळती वात पळवली, तरी सारी वैरण भस्म होईल.

उपाशी घोड्याची झळ अखेरीस कुणब्याच्या घराला लागते, हे त्या पत्राने नेमके ओळखले होते.