पाटा वाढवायचा की हवा भरायची? पिकअपच्या मागच्या बाजूचा दोनशे वर्षांचा इतिहास

आजचा भाग जरा घरचाच आहे. सुरुवात वसमतच्या मोंढ्यातून करतो, मग दोनशे वर्षं मागं जाऊ आणि शेवटी परत मोंढ्यातच येऊ.

आमच्या दादाकडं पिकअप आहे. हिंगोली जिल्ह्यात हळदीचा सीझन म्हणजे काय असतं, ते इकडच्या पोरांना सांगायला नको. शिजवलेली, वाळवलेली, पॉलिश केलेली हळद कट्ट्यांत भरायची आणि मोंढ्याला आणायची. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण ती शेतातून मोंढ्यापर्यंत येते ती अशाच गाड्यांवर. दादाच्या गाडीची क्षमता साधारण दीड टन. म्हणजे पन्नास किलोचे तीस कट्टे. दादा भरायचा चव्वेचाळीस. हिशेब तुम्हीच करा: दोन टन दोनशे किलो.

एवढं वजन टाकलं की गाडीचं ढुंगण खाली बसतं, तोंड वर होतं आणि हेडलाइट झाडावर पडतो. समोरून येणारा शिव्या देतो ते वेगळंच. मागच्या वर्षी दादानं मागच्या एक्सलवर हवेच्या पिशव्या बसवून घेतल्या. एअर बॅग म्हणतात त्याला. अपघातात स्टेअरिंगमधून फुगते ती नव्हे, ही वेगळी. मला म्हनला, "बग आता, चव्वेचाळीस कट्टे भर, गाडी एकदम सरळ!" आणि खरंच सरळ उभी राहिली. मीसुद्धा खूश झालो. पुढं काय झालं ते नंतर सांगतो. आधी एक प्रश्न: गाडी बसू नये म्हणून माणसानं आजवर काय काय केलं?

आपल्या भागात रस्तेच नव्हते तेव्हा चाकही नव्हतं. माल जायचा बैलांच्या पाठीवर. बंजारा समाजाचे तांडे हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरायचे. वऱ्हाडचा कापूससुद्धा असाच बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जायचा. आता लक्षात घ्या, बैलाच्या पाठीला मर्यादा आहे आणि ती बैल स्वतः सांगतो. जास्त लादलं तर तो बसतो. उठवून दाखवा!

गाड्या होत्या, पण कशा? सोलापूरकडच्या जुन्या गॅझेटियरमध्ये दगडी चाकांच्या अवजड गाड्यांचं वर्णन येतं. ती ओढायला बैलांच्या जोड्यांवर जोड्या लागायच्या. १८३० च्या दशकात जमीन मोजणी खात्यातल्या गेसफर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं टेंभुर्णीला गाड्यांचा कारखाना काढला. लाकडी चाक, वर लोखंडी धाव आणि ओढायला दोनच बैल. आज आपण जिला 'पारंपरिक बैलगाडी' म्हणतो, तिचा हा नमुना जेमतेम दोनशे वर्षांचा आहे. पण त्या गाडीला स्प्रिंग नव्हती. खड्ड्याचा दणका आखातून थेट मालाला, जुवाला आणि बैलाच्या मानेला.

तिकडं लंडनमध्ये ओबादाया इलियट नावाच्या घोडागाडी बनवणाऱ्यानं १८०४ च्या सुमारास पोलादी पट्ट्यांच्या कमानीचं पेटंट घेतलं होतं. एकावर एक पट्ट्या, वरची लांब, खालच्या आखूड होत जाणाऱ्या. वजन आलं की वाकतात, गेलं की सरळ होतात. हेच आपले कमानीचे पाटे. दोनशे वर्षं झाली, दादाच्या पिकअपखाली आजही तीच कल्पना आहे.

मग आली हवा. १८८८ च्या सुमारास बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉपनं पोराच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला. विसाव्या शतकात तोच टायर आपल्याकडं बैलगाडीला लागला आणि टायरगाडी आली. तेच बैल दुप्पट माल ओढू लागले. शेतकऱ्यानं लगेच काय केलं? दुप्पट माल भरला. ही सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे बरं का.

बैलाची जागा इंजिननं घेतली. फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीनं १९५८ मध्ये तीनचाकी गाडी आणली. 'टेम्पो' हा आपल्या तोंडात बसलेला शब्द मुळात एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. मग मॅटाडोर, १९८६ ला टाटा ४०७, २००५ ला टाटा एस म्हणजे छोटा हत्ती, आणि गावोगाव पिकअप. प्रत्येक गाडीबरोबर गॅरेजमध्ये एक वाक्य आलं: "चाचा, एक पाटा वाढवा." फिटर मंडळी कमानीत जाड पाटा घालून द्यायची. गाडी बसायची नाही. पण रिकामी असली की ती मागून उड्या मारायची, कारण पोलादाला माल उतरलाय हे कळत नाही. पाटा कायम तेवढाच कडक.

नेमकी हीच अडचण हवेनं सोडवली. अमेरिकेत फायरस्टोन कंपनीनं १९३० च्या दशकात रबराच्या फुग्यात हवा भरून स्प्रिंग करण्याचे प्रयोग सुरू केले. १९४९ मध्ये मिशिगन राज्यात एअर लिफ्ट नावाची कंपनी निघाली. ती गाडीच्या गोल स्प्रिंगच्या आत बसणारी हवेची पिशवी विकायची. १९५३ पासून जनरल मोटर्सच्या बसखाली हवेच्या स्प्रिंगा आल्या. आपल्याकडं सर्वसामान्य प्रवाशाला हा आराम २००१ नंतर व्होल्वो बसमधून कळला. मुंबईच्या नव्या लोकलखालीही हवेच्या स्प्रिंगा आहेत, कारण तिथं वजनाचा भरवसाच नाही. दुपारी डबा रिकामा, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नाही.

यातलं गणित सोपं आहे. पिशवीचा आडवा भाग शंभर चौरस सेंटिमीटर धरा. आत प्रत्येक चौरस सेंटिमीटरला चार किलोचा दाब भरला तर ती चारशे किलो तोलते. दोन बाजूंना दोन पिशव्या, म्हणजे आठशे. माल उतरला की हवा सोडा, गाडी पुन्हा मऊ. पाट्याला हे जमत नाही.

बसवायची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण बरेच जण मेसेज करून विचारतात. गाडी सपाट जागेवर, रिकामी. चाकाच्या मधोमध जमिनीपासून मडगार्डपर्यंतचं माप घेऊन लिहून ठेवा. चेसी जॅकवर नाही, भक्कम स्टँडवर टेकवा. बहुतेक किटमध्ये एक्सलवरचा रबरी ठोकळा काढून त्या जागी, म्हणजे एक्सल आणि चेसीच्या मध्ये, पिशवी बसते. हवेची नळी सरळ कापा. तिरकी कापली की गळती ठरलेली. नळी आणि पिशवी सायलेन्सरपासून लांब ठेवा. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह वेगळे ठेवा. एकाच नळीवर जोडले तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलते. हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला की गळती. रिकामी गाडी असली तरी कंपनीनं सांगितलेली कमीत कमी हवा ठेवाच, नाहीतर पिशवी चिमटून फाटते.

दादानं हे सगळं नीट केलं होतं. फक्त एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नाही, आणि आम्हीही विचारली नाही.

सेनगावकडचा माल होता. हिंगोली, औंढा करत वसमतला येत होतो. मी शेजारी बसलेलो. औंढ्याच्या पुढं उताराला शेळ्यांचा कळप आडवा आला. दादानं ब्रेक दाबला. तोंड खाली गेलं, पुढची चाकं किंचाळली, पण गाडी थांबेना. मागून कुणीतरी ढकलतंय असंच वाटलं. शेळ्या पांगल्या आणि कळपामागं चालणारी म्हातारी दोन हातांवर राहिली. ती आमच्याकडं बघत होती, आम्ही तिच्याकडं. दादाचे हात स्टेअरिंगवर थरथरत होते. त्यानंतर वसमतपर्यंत दोघं एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या फिटरचाचांनी गाडीखाली टॉर्च मारला आणि विचारलं, "ये छोटा डंडा देखा क्या?"

अनेक पिकअपला मागच्या ब्रेकसाठी एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी चेसी आणि एक्सलच्या मध्ये जोडलेली असते. माल भरला, चेसी खाली आली की दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली तर कमी देतो, म्हणजे मागची चाकं घसरत नाहीत. या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, फक्त उंची कळते. आम्ही हवा भरून गाडी सरळ केली आणि व्हॉल्व्ह समजला की गाडी रिकामी आहे. वर दोन टन दोनशे किलो, आणि मागच्या चाकांना ब्रेक रिकाम्या गाडीचा. जाड पाटा वाढवला तरी हेच होतं, म्हणजे गावात अशा किती गाड्या फिरत असतील, विचार करा.

या सगळ्या इतिहासातून मला एवढंच कळलं. पाठीवरचा बैल बसायचा, कमान वाकायची, पिकअपचं मागचं अंग खाली जायचं. वजन जास्त झालंय हे गाडी आपल्याला तसं सांगत असते. आपण दर पिढीला तिचं सांगणं बंद करायची नवी युक्ती शोधली. पिशवी चेसी उचलते, वजन उचलून नेत नाही. एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक यांच्यावर ते सगळं तसंच असतं. कायदाही उंची बघत नाही, काटा बघतो: २०१९ पासून ओव्हरलोडला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार.

म्हणून पिशव्या वाईट आहेत का? नाही. मर्यादेतल्या मालासाठी त्या फार चांगल्या. गाडी कलत नाही, हेडलाइट रस्त्यावर राहतो. पण पूर्ण रिकाम्या गाडीच्या उंचीपर्यंत फुगवू नका. माल भरल्यावर मागची बाजू थोडी खाली राहू द्या. आणि बसवण्याआधी विचारा, माझ्या गाडीला ब्रेकचा तो व्हॉल्व्ह आहे का, आणि त्याचं सेटिंग कोण करून देणार?

दादाच्या गाडीच्या पिशव्या अजून आहेत. व्हॉल्व्ह नीट लावून घेतला. आता तीस कट्टे भरतो. परवा डिझेलचा हिशेब करत बसला होता. म्हनला, "दोन खेपा कराव्या लागतात रे, भाडं परवडंना." त्याचं खोटं नाही. चौदा कट्ट्यांचं भाडं कुठून काढायचं, याचं उत्तर माझ्याकडंही नाही. पण औंढ्याच्या त्या उतारावरून जाताना तो आता खिडकीची काच खाली करतो, गाडी हळू घेतो आणि शेळ्यांच्या घंटा ऐकू येतात का ते बघतो.

तुमच्या घरी पिकअप असेल तर हा भाग चालवणाऱ्याला ऐकवा. भेटू पुढच्या भागात. गाडी हळू चालवा.