बंद फोनची नाडी : जेटॅगचा इतिहास आणि खान्देशचे कारागीर

प्रोग्राममधल्या चुकीला 'बग' का म्हणतात, याची एक गोष्ट संगणकाच्या बहुतेक पुस्तकांत सापडते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातल्या मार्क-२ या यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तो काढून चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला, आणि तिथून हा शब्द रूढ झाला, असं सांगतात. पतंग खरा आहे. ती वही आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण शब्दाची गोष्ट खरी नाही. एडिसनने १८७८ सालच्या पत्रात यंत्रातल्या दोषांसाठी हाच शब्द वापरला होता. मार्क-२ वर काम करणाऱ्यांना गंमत वाटली ती यासाठी की आधीपासून तोंडात असलेला 'किडा' या वेळी खरोखरचा निघाला.

आपल्या खान्देशात हे समजावून सांगायला पतंगाची गरजच नाही. कापसाचं बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं आणि आत गुलाबी अळी बसलेली असते. बोंड फोडल्याशिवाय कळत नाही. यंत्राच्या बाबतीत हाच प्रश्न अवघड होत गेला: चालू यंत्र न फोडता आतली कीड बघायची कशी?

सुरुवातीला फोडायची गरजच नव्हती, कारण सगळं उघडंच होतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि स्मृती २,०४८ शब्दांची. असं यंत्र खोलीभर पसरलेलं असतं, हव्या त्या ठिकाणी तार लावून मोजता येतं. मग १९७१ मध्ये इंटेलची ४००४ ही चिप आली आणि सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर नखाएवढ्या जागेत गेले. आत काय चाललंय हे आता कोणाला दिसणार?

त्यावर पहिला मोठा उपाय निघाला तो इन-सर्किट एम्युलेटरचा. बोर्डावरचा प्रोसेसर उपसायचा, त्याच्या जागी एका मोठ्या यंत्राचा प्लग बसवायचा. मग ते यंत्र प्रोसेसरचं सोंग घेतं आणि प्रत्येक पावलाला काय घडलं ते सांगतं. साधन उत्तम, पण भारी महाग. आपल्याकडच्या पॉलिटेक्निक आणि इंजिनीअरिंग कॉलेजांत त्याचा गरीब भाऊ आला: ८०८५ चा किट. छोटा कीपॅड, लाल आकड्यांचा डिस्प्ले आणि ईप्रॉममध्ये बसवलेला एक मॉनिटर प्रोग्राम. मुलं '३ई' टाइप करायची, म्हणजे पुढची संख्या ए रजिस्टरमध्ये घाल. मग एकेक पाऊल चालवून रजिस्टरमध्ये काय आलं ते बघायची. महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या दोन पिढ्यांनी डीबगिंग या किटवर पाहिलं. 'मायक्रोप्रोसेसरचं प्रॅक्टिकल' म्हणून ते मार्कांपुरतं उरकलं जायचं, हा भाग वेगळा.

खरी अडचण १९८० च्या दशकात आली. चिपचे पाय बोर्डाच्या आरपार जायचे थांबले, ते पृष्ठभागावरच चिकटू लागले आणि पुढे चिपच्या पोटाखाली लपले. बोर्ड अनेक थरांचे झाले. खिळ्यांच्या गादीसारखी चाचणी यंत्रं होती, ती टेकवायला जागाच उरली नाही. तेव्हा कंपन्यांनी एकत्र येऊन १९८५ मध्ये 'जॉइंट टेस्ट अॅक्शन ग्रुप' हा गट केला. त्याची आद्याक्षरं म्हणजे जेटॅग. १९९० मध्ये आयईईई ११४९.१ या क्रमांकाने त्याचं प्रमाण ठरलं.

कल्पना शाळेतल्या माणसाला लगेच कळेल अशी आहे. वर्गात तीस मुलं एका रांगेत बसली आहेत आणि प्रत्येकाच्या हातात काय आहे ते मला हवं आहे. पण रांगेत शिरायला जागा नाही. मी सांगतो, आपापली गोष्ट चिठ्ठीवर लिहा आणि इशारा मिळाला की चिठ्ठी शेजाऱ्याला द्या. रांगेच्या शेवटी उभा राहून मी तीसही चिठ्ठ्या क्रमाने वाचतो. दुसऱ्या टोकाने मला हव्या त्या चिठ्ठ्या आतही ढकलता येतात. चिपच्या प्रत्येक पायामागे अशी एक खोली बसवली, त्या खोल्यांची साखळी केली, आणि बाहेर फक्त चार तारा काढल्या: एक आत जाणारी, एक बाहेर येणारी, एक इशाऱ्याची आणि एक काम ठरवणारी. पाचवी असली तर असते.

हे निघालं होतं सोल्डरिंग तपासायला. पुढे लोकांच्या लक्षात आलं की याच चार तारांतून प्रोसेसर थांबवता येतो, त्याची रजिस्टरं वाचता येतात, स्मृतीत लिहिता येतं. एआरएम७टीडीएमआय या प्रसिद्ध प्रोसेसरच्या नावातला 'डी' म्हणजे डीबग, आणि 'आय' म्हणजे आत बसवलेला तोच जुना एम्युलेटर. खोलीतलं महागडं यंत्र चिपच्या पोटात गेलं. नोकिया ६११० मध्ये याच जातीचा प्रोसेसर होता.

इथून हा इतिहास आपल्या बाजारात येतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात 'डेड बूट' हा शब्द ऐकला असेल. चुकीचं सॉफ्टवेअर टाकताना फोनचा सुरुवातीचा कोडच पुसला गेला, की फोन चार्जरला दाद देत नाही, कॉम्प्युटरला ओळख देत नाही. मग कारागीर फोन उघडतो, बोर्डावरचे बारीक ठिपके शोधतो, केसासारख्या तारा सोल्डर करतो आणि रिफ बॉक्ससारखा जेटॅग बॉक्स जोडतो. प्रोसेसर थांबवायचा, रॅममध्ये एक छोटा प्रोग्राम सोडायचा, त्याच्याकरवी हरवलेला कोड परत लिहून घ्यायचा. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी जून २०१६ मध्ये 'स्वयम्' हा जेमतेम एक किलोचा उपग्रह अवकाशात पाठवला. अशा कामात हात घालणाऱ्याला आपण इंजिनीअर म्हणतो. चिपच्या आत शिरून तिचा कोड दुरुस्त करणाऱ्या पोराला 'मोबाइलवाला' म्हणतो. माझे काही जुने विद्यार्थी या धंद्यात आहेत. दहावीनंतर शाळा सुटलेले, उर्दू माध्यमातले, इंग्रजीला घाबरणारे. हुनर उस्तादाकडून शिकले. त्यातल्या एकाला एका संस्थेत लॅब सहायकाच्या जागेसाठी विचारलं, तर तिथे प्रमाणपत्राशिवाय बोलायलाच कोणी तयार नव्हतं.

एक बाजू झाकून चालणार नाही. असल्या बॉक्सांनी फोनचा आयएमईआय बदलण्याचं कामही झालं आहे. चोरीचा फोन ओळखू येऊ नये म्हणून. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. मी मुलांना स्पष्ट सांगतो: बिल नसलेला फोन हातात घेऊ नका. एकाने केलं की पोलीस संपूर्ण ओळीतल्या दुकानांकडे संशयाने बघतात, आणि त्या ओळीत आपली मुलं जास्त आहेत.

दुसरीकडून कंपन्यांनीही दार लावलं. नव्या प्रोसेसरमध्ये कारखान्यातच आतला फ्यूज जाळून जेटॅग बंद करतात. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबर आहे. फोनमध्ये आता बँक आहे. कारागीर त्यावर प्रोसेसर सोडून थेट स्मृतीच्या चिपला तारा जोडू लागले. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल आहे आणि शेतीची यंत्रंही आहेत. गोलाणीतल्या टेबलापर्यंत त्यातून बोर्डाचा एखादा नकाशा पोचला का, असं मी तिथे विचारलं. मुलं हसली.

त्यांचा नकाशा वेगळाच आहे. एका दुकानात मी दोनशे पानी वही पाहिली. प्रत्येक पानावर एका मॉडेलचा बोर्ड पेन्सिलने काढलेला, ठिपक्यांना बाण, बाणांवर उर्दूत 'अंदर', 'बाहेर', आणि खाली मराठीत सूचना: इथे जास्त उष्णता देऊ नये. बऱ्याच पानांवरचे फोन आता बाजारात नाहीत. मालक ती वही रद्दीत टाकणार होता. ती मी मागून घेतली आहे, आणि नव्या वहीत प्रत्येक पानावर तारीख टाकायला त्याला सांगितलं आहे.