दोन स्टेशनांच्या मधलं गाव

कुनिताची हे नाव ऐकून वाटतं, एखाद्या जुन्या राजाचं असेल, नाहीतर देवाचं. पण हे नाव निघालं रेल्वेतून. टोकियोहून पश्चिमेला जाणाऱ्या चुओ लाइनवर कोकुबुंजी आणि ताचिकावा अशी दोन स्टेशनं. त्यांच्या मधे १९२६ साली नवं स्टेशन झालं, तेव्हा दोघांचं एकेक अक्षर उचललं आणि नाव तयार! जपानीत अक्षर एकच असलं तरी उच्चार दोन-दोन असतात, म्हणून ‘कोकु’चं झालं ‘कुनि’. शिवाय जोडून वाचलं तर ‘देश उभा राहतो’ असाही अर्थ लागतो. नाव ठेवणारे हुशारच म्हणायचे.

त्याआधी हे याहो नावाचं खेडं. दक्षिणेला तामा नदीकाठची शेती, उत्तरेला नुसतं रान. गावाचं देऊळ मात्र फार जुनं, याबो तेनमांगू. सुगावारा मिचिझाने हा विद्वान आणि त्याचा मुलगा तिथले देव. परीक्षा जवळ आली की मुलं तिथे हात जोडायला जातात. आपण श्रुतपंचमीला शास्त्रापुढे हात जोडतो, त्यामुळे मला त्यात परकं काही वाटलं नाही.

१ सप्टेंबर १९२३ ला टोकियोत मोठा भूकंप झाला, आगी लागल्या. शहरातलं वाणिज्य विद्यापीठ त्यात गेलं. जमिनींचा मोठा व्यवहार करणारे त्सुत्सुमी यासुजिरो नवी वसाहत उभारायच्या विचारात होते. विद्यापीठ तिकडे न्यायचं ठरलं. रान तोडून सरळ रस्ते आखले गेले. स्टेशनासमोर सुमारे ४४ मीटर रुंदीचा रस्ता, ‘दाइगाकु-दोरी’, म्हणजे विद्यापीठ रस्ता. आजही गाव जेमतेम ८ चौरस किलोमीटरचं आहे, आणि रस्ता एवढा! तेव्हा लोकांनी वेड्यातच काढलं असणार. पुढे १९३४ च्या सुमाराला युवराजांच्या जन्माच्या आनंदात त्याच्या कडेनं चेरीची झाडं लावली. हितोत्सुबाशी विद्यापीठ म्हणतात ते हेच.

पण मला या गावाची ओढ लागली ती १९५०-५२ च्या गोष्टीमुळे. शेजारच्या ताचिकावाला अमेरिकन विमानतळ होता. कोरियाचं युद्ध सुरू झालं, सैनिकांची गर्दी वाढली, आणि सुट्टीवरचे सैनिक या बाजूला येऊ लागले. दारूचे अड्डे आले, घराघरांतून खोल्या भाड्यानं जाऊ लागल्या, आणि त्या कशासाठी हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. शाळेत जाणारी मुलं त्याच रस्त्यानं जात. तेव्हा गावातल्या बायका, विद्यार्थी, प्राध्यापक एकत्र आले. त्यांची मागणी होती की, गावाला ‘शिक्षणाचा भाग’ म्हणून कायद्यानं दर्जा द्या, म्हणजे असले धंदे इथे उघडता येणार नाहीत. दुकानदारांचा विरोध होता. युद्धातून नुकतंच सावरणारं गाव, डॉलर दारात आलेले, ते कोण सोडणार? त्यांचंही अगदीच चूक होतं असं मला म्हणवत नाही. तरी १९५२ च्या जानेवारीत दर्जा मिळाला.

मनात एक राहतंच. त्या खोल्यांतून राहणाऱ्या बायका कुठे गेल्या असतील? त्याही युद्धानं उघड्यावर आणलेल्या कुणाच्या तरी लेकीबाळीच. गाव स्वच्छ झालं म्हणताना त्यांचं नाव कोणी घेत नाही.

भांडायची सवय मात्र गावाला लागली ती लागलीच. १९७० च्या सुमाराला विद्यापीठ रस्त्यावर पादचारी पूल बांधायचा ठरला, तर लोक कोर्टात गेले! माणसांनी जिने का चढायचे, गाड्यांनी थांबावं, असं त्यांचं म्हणणं. हरले. पूल झाला, आणि आता चेरीच्या बहराचे फोटो काढायला सगळे त्याच पुलावर चढतात.

खरा मोठा खटला झाला तो इमारतीचा. १९९९ साली उएहारा हिरोको महापौर झाल्या. टोकियोच्या हद्दीतल्या शहरांत महापौरपदी आलेल्या त्या पहिल्या बाई. त्याच वेळी एका बिल्डरनं विद्यापीठ रस्त्यावर चौदा मजली इमारत काढली, झाडांच्या दुपटीहून उंच. लोकांनी ओरड केली, नगरपालिकेनं २००० साली २० मीटरच्या वर बांधायचं नाही असा नियम केला. पण तोवर खोदकाम सुरू झालं होतं. २००२ साली कोर्ट म्हणालं, २० मीटरच्या वरचा भाग पाडा. वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं इमारत राहू दिली, पण डोळ्यांना दिसणाऱ्या परिसरात तिथल्या रहिवाशांचं कायद्यानं जपण्याजोगं हित असतं, हे पहिल्यांदाच मान्य केलं.

बिल्डरनं नगरपालिकेकडून नुकसानभरपाई घेतली, सुमारे ३ कोटी १२ लाख येन, आणि तेवढीच रक्कम देणगी म्हणून परतही दिली. इथे मिटायला हवं होतं ना? पण काही लोकांनी दावा लावला की, पैसे माजी महापौरबाईंनी स्वतःच्या खिशातून भरावेत. २०१६ च्या अखेरीला तो निकाल त्यांच्या विरुद्ध कायम झाला. व्याजासकट रक्कम साडेचार कोटी येनांवर गेली. एकट्या बाईनं कुठून आणायची? देशभरातून हजारो लोकांनी थोडे थोडे पाठवले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात शेवटचा येन भरून झाला. इमारत तिथेच आहे, चौदा मजल्यांची, आणि तिच्यात माणसं सुखानं राहतात.