संत क्लाराची भिंत

१ जानेवारी १९५४ रोजी पोप पायस बारावे यांनी इटलीच्या बिशपांना दूरचित्रवाणीविषयी एक उपदेशपत्र धाडले. त्याची तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. इटलीत नियमित प्रक्षेपण सुरू व्हायला तेव्हा दोन दिवस बाकी होते! नवी वस्तू घरात बस्तान बसवण्यापूर्वीच ख्रिस्तसभेने तिच्याविषयी बोलावे, असे क्वचितच घडते.

पत्राचे मर्म असे, की या पेटीपुढे घरातील सर्व वयांची माणसे एकत्र बसणार; तेव्हा चित्रपटगृहातील दूषित हवा घराच्या भिंतींआड शिरू नये. तरीही पोपमहोदयांनी यंत्राला शाप दिला नाही. १९५८ साली त्यांनी संत क्लारा हिला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री संत म्हणून घोषित केले. अंथरुणाला खिळलेल्या क्लाराला नाताळच्या रात्री असिसीच्या मंदिरातील उपासना आपल्या खोलीतूनच पाहता-ऐकता आली, अशी परंपरा आहे. म्हणजे या यंत्राशी नाव जोडले गेले ते एका रुग्ण स्त्रीचे. २०२० च्या टाळेबंदीत घरबसल्या मिस्सा पाहणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना ही संत नकळत भेटून गेली, असे मला वाटते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे रविवारचा चित्रपट आधी की जपमाळ आधी, हा तंटा आमच्याही घरी झाला. पण तंट्याला सगळे हजर असत, आणि फारच झाले तर आजी उठून संच बंद करी. मोबाइलने ती सोय काढून घेतली. मुलगा काय पाहतो, हे शेजारी बसलेल्या बापालाही दिसत नाही. शिवाय १९५४ चा पडदा सर्वांना एकच दृश्य दाखवी. आजची समाजमाध्यमे ज्याची त्याची आवड टिपून ज्याला त्याला वेगळे ताट वाढतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेवरील व्हॅटिकनचा 'अँतिक्वा एत नोवा' हा दस्तऐवज २८ जानेवारी २०२५ चा. बोलणाऱ्या यंत्राला माणूस समजण्याची सवय मुलांना लागली, तर माणसांशीही ती देवघेवीपुरतीच वागू लागतील, असा इशारा त्यात आहे. पण या वेळी क्रम उलटला. 'चॅटजीपीटी' नोव्हेंबर २०२२ मध्येच लोकांच्या हाती आले होते. दस्तऐवज येईपर्यंत मुले गृहपाठ त्याच्याकडून करून घेऊ लागली होती, आणि नातवाच्या हुबेहूब आवाजात पैसे मागणारे बनावट फोन वृद्धांना येऊ लागले होते.