अनैच्छिक नेत्रदोलन आणि जैवप्रत्याभरण : एका उपचारपद्धतीचा इतिहास

प्रस्तावना

डोळे इच्छेविना एका लयीत सतत हलत राहतात, त्या अवस्थेस नेत्रदोलन अथवा निस्टॅग्मस असे म्हणतात. जन्मजात प्रकारात हे दोलन आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागते आणि ते मुळापासून नाहीसे करणारा उपाय आजही उपलब्ध नाही. अशा व्यक्तीस स्वप्रयत्नाने डोळे स्थिर ठेवण्यास शिकवता येईल काय, या प्रश्नातून जन्मलेल्या उपचारपद्धतीचा व तिच्या मूल्यमापनाच्या कसोट्यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यान पुर्किन्ये यांनी शरीर गरगर फिरवल्यानंतर होणाऱ्या नेत्रहालचालींचे निरीक्षण केले. अंतर्कर्णाच्या कार्याचा नेत्रदोलनाच्या आधारे उलगडा करणाऱ्या रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५३ मध्ये केस्टेनबाउम आणि अँडरसन यांनी, डोळे ज्या दिशेस सर्वांत कमी हलतात ती दिशा समोर आणणाऱ्या स्नायूंच्या शस्त्रक्रिया मांडल्या. या सर्व टप्प्यांत रुग्ण हा निरीक्षणाचा वा शस्त्रक्रियेचा विषय राहिला. उपचाराचा कर्ता तो नव्हता.

जैवप्रत्याभरणाचा उदय

१९६० च्या दशकात नील मिलर यांनी अनैच्छिक मानल्या गेलेल्या शारीरिक क्रियाही शिक्षणाने बदलता येतात, असे प्रतिपादन केले. १९६९ मध्ये अमेरिकेत बायोफीडबॅक रिसर्च सोसायटी स्थापन झाली. मिलर यांच्या उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष पुढे पुन्हा मिळू शकले नाहीत. तथापि न जाणवणारी क्रिया यंत्राद्वारे जाणवू लागल्यास तिच्यावर ताबा मिळवता येतो, ही कल्पना टिकून राहिली.

नेत्रदोलनाच्या संदर्भात तिला विशेष अर्थ होता. जन्मजात नेत्रदोलन असणाऱ्यास जग हलताना सहसा दिसत नाही. त्यामुळे आपला डोळा केव्हा व किती हलतो, हे त्याला कळत नाही. यंत्राने डोळ्याची हालचाल मोजून तिचे ध्वनीत रूपांतर केले, तर हीच उणीव भरून निघते. मँचेस्टर येथील अबादी, कार्डन व सिम्पसन यांनी १९७९-८० मध्ये या दिशेचे प्रयोग प्रसिद्ध केले. १९८२ मध्ये सिउफ्रेडा व सहकाऱ्यांनी अमेरिकेत, तर २००० मध्ये नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी श्राव्य प्रत्याभरणाचे असेच प्रयोग मांडले. प्रशिक्षणात दोलनाचा विस्तार कमी होतो, असे त्यांतून दिसून आले.

कसोटीचा प्रश्न

परंतु दोलन घटणे म्हणजे दृष्टी सुधारणे नव्हे. डेल'ओसो व डॅरॉफ यांनी १९७५ मध्येच तरंगरूपांचे वर्गीकरण करून दाखवले होते, की प्रत्येक आवर्तनात प्रतिमा दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर किती काळ स्थिरावते याला दृष्टीच्या दृष्टीने निर्णायक महत्त्व आहे. १९९० मध्ये मेझावा व सहकाऱ्यांनी प्रशिक्षणातील बदल तरंगरूपाच्या अंगाने तपासले, ते याच विचारास धरून होते.

दुसरी अडचण अधिक मूलगामी होती. ताण आणि पाहण्याची धडपड यांनी जन्मजात नेत्रदोलन बळावते. म्हणजे शांत खोलीत ध्वनी ऐकत मिळवलेले यश परीक्षेच्या दालनात किंवा गर्दीच्या रस्त्यावर टिकेलच, असे नाही. तसेच ते यश ध्वनीचे की निव्वळ शिथिलीकरणाचे, हे लहान गटांवरील प्रयोगांतून वेगळे काढणे कठीण होते. २००७ मध्ये गॅबापेंटिन व मेमँटिन या औषधांची नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली. तशा भक्कम पुराव्याचे बळ प्रत्याभरणास लाभले नाही.

निष्कर्ष

जैवप्रत्याभरण नेत्रदोलनावरील प्रस्थापित उपचार बनू शकले नाही. मात्र अनैच्छिक म्हणवली जाणारी हालचाल सर्वस्वी अनियंत्रित नसते, हे त्याने दाखवून दिले आणि रुग्णास उपचारात सहभागी केले. या सहभागास दुसरी बाजूही आहे. उपचार स्वप्रयत्नावर बेतला, की त्याचे अपयश रुग्णाच्या इच्छाशक्तीच्या खाती टाकले जाण्याचा धोका असतो. ज्या विकारात प्रयत्नाचा अतिरेकच दोलन वाढवतो, तेथे असा दोषारोप शास्त्रदृष्ट्या चुकीचा व माणुसकीच्या दृष्टीने अन्यायकारक ठरतो. या इतिहासाचा हाच महत्त्वाचा धडा होय.