गारव्याची मजुरी

उष्ण शहरात परगावच्या माणसाला रात्रीपुरता गारवा विकणे हा हॉटेलचा अर्धा धंदा होय. जेवण कोणी वाढले, बिछाना कोणी घातला हे गिऱ्हाइकाला दिसते. गारवा कोणी निर्माण केला हे सहसा दिसत नाही. इतिहास पाहता हे काम भिंतीने तरी केले आहे, नाही तर मजुराने. भिंत जेथे कामचुकार निघाली तेथे मजुराला अधिक राबावे लागले, एवढेच आम्हांस आज मांडावयाचे आहे.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. १८६० नंतरच्या दशकात कोटाच्या भिंती पडल्या, एस्प्लनेडची जागा मोकळी झाली आणि वॉटसन नावाच्या कापडवाल्याने तेथे हॉटेल बांधावयास घेतले. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज इंजिनियरचा. बिडाचे खांब व तुळया इंग्लंडात ओतून जहाजाने आणल्या आणि १८६७ ते १८६९ या काळात सांगाडा उभा राहिला. बीड उन्हात तापते हे खरे. पण या इमारतीत एक शहाणपण होते. मजल्यामजल्यावर रस्त्याच्या अंगाला सज्जे काढले होते. त्यांनी ऊन अडविले आणि दारे उघडी ठेवून वारा आत घेता आला. मुंबईची हवा दमट, दिवस-रात्रीच्या उष्णतेत अंतर थोडे. तेथे जाड भिंतीपेक्षा सावली आणि वाहता वारा यांचाच उपयोग अधिक.

त्या काळी सज्ज्याने भागत नसे तेथे पंखा असे. छताला टांगलेली कापडाची झालर, तिची दोरी भिंतीतून बाहेर, आणि पडवीत ती ओढीत बसलेला पंखेवाला! साहेबाची झोप याच्या जागरणावर चाले. डुलकी लागली म्हणून पंखेवाल्यांना मारहाण झाल्याच्या हकिगती त्या काळच्या वृत्तपत्रांत आढळतात. १८९६ साली मुंबईस आलेल्या मार्क ट्वेनने आपल्या प्रवासवर्णनात हॉटेलातला एक प्रसंग नोंदविला आहे. खोली दाखवावयास आलेल्या जर्मन माणसाने क्षुल्लक कारणावरून नोकराच्या तोंडात मारली, नोकराने ती मुकाट्याने सोसली, आणि ट्वेनला आपल्या लहानपणचे गुलाम आठवले.

१९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडले. त्याच्या शिल्पकारांत सीताराम खंडेराव वैद्य हे आपले गृहस्थ होते. तेथे वीज आली. पुढे वीज गावोगाव पोहोचली तशी पंखेवाल्याच्या हातची दोरी सुटली.

नागपूर-अहमदाबादकडची गोष्ट वेगळी. तेथला उन्हाळा कोरडा. जाड भिंत दिवसाची उष्णता उशिरा आत सोडते, चौक रात्री गार होतो. दाराला वाळ्याची ताटी लावून ती भिजविली की आत येणारा वारा थंड होतो, कारण एक लिटर पाणी वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेते. हीच ताटी मुंबईच्या पावसाळी हवेत लावली तर ओलीची ओलीच राहील. शहर ओळखल्याशिवाय नकाशा काढू नये तो यासाठी. आणि ताटीवर पाणी मारणाराही मजूरच होता, हे विसरू नये.

मग वातानुकूलन आले. १९०२ साली विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी पहिली यंत्रणा आखली, ती दमटपणाने कागद आकसू-फुगू नये म्हणून. कामगाराच्या घामाचा तेथे प्रश्नच नव्हता. गिरणीतही हवा ओली ठेवीत ती सूत तुटू नये म्हणून. विणकऱ्याला ती सोसावी लागे, आणि तिच्यावर मर्यादा घालण्याची तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्यात करावी लागली. वातानुकूलनाने उष्णता नाहीशी होत नाही. खोलीतली काढून ती गल्लीत टाकली जाते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासकांनी मोजले, आणि २०१३ साली त्या शहराने उष्णतेपासून बचावाची योजना आखली.

तेव्हा मधल्या भाड्याचे हॉटेल कसे बांधावे? इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवाव्या. पश्चिमेच्या उन्हाकडे खोल्या न ठेवता जिना, कोठार ठेवावे. खिडकीवर खोल छज्जा, गच्चीवर पांढरा चुना, खोलीला समोरासमोर झडपा आणि छताला पंखा. इतके केल्यावर यंत्र लागलेच तर लहान लागेल आणि थोडे तास चालेल. मालकाचे वीजबिल वाचेल, गिऱ्हाइकाचे भाडे आवाक्यात राहील.

परंतु आमची कसोटी दुसरी आहे. भटारखाना तळघरात कोंडलेला असतो आणि वेटर, पोरे पत्र्याखाली झोपतात. भटारखान्याला उंच छत व धूर-वाफ बाहेर नेणारी वाट, आणि नोकरांच्या खोलीला इतर खोल्यांइतकीच सावली, ही गोष्ट नकाशातच आखली पाहिजे. मागाहून ती कोणी देत नाही. उष्णतामापक दिवाणखान्यात न टांगता चुलीपाशी टांगावा. तेथे माणसाला उभे राहवत असेल, तर ते हॉटेल हवामान जाणून बांधले आहे असे आम्ही म्हणू.