जुनी बुलेट: ऑईलची गळती आणि बॅटरीचा दोष कसा शोधावा?

जुनी बुलेट जिथे उभी राहते तिथे ऑईलचा डाग पडतो, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेले असते. दुसरी नेहमीची तक्रार बॅटरीची. चार दिवस गाडी उभी राहिली की हॉर्न बसतो, दिवा मंद होतो आणि किक मारून पाय दुखतो. दोन्हींवरचे उपायही ठरलेले असतात. डाग दिसला की नट आवळायचा आणि बॅटरी उतरली की नवी आणायची. यात पैसे जातात आणि दोष तसाच राहतो, कारण ऑईल टपकते तिथूनच ते निसटते असे नसते आणि बॅटरी उतरली म्हणजे तीच खराब झाली असेही नसते. आधी दोषाची जागा शोधावी आणि मगच पाना हातात घ्यावा.

गाडीची रचना

१९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. इंग्लंडमधील रेडिच येथे तयार होणारी बुलेट तिथे सुरुवातीला सुटे भाग जोडून आणि पुढे पूर्णपणे इथेच बनू लागली. या लेखात विचार केला आहे तो बिडाच्या सिलिंडरच्या, ३४६ सीसीच्या, किकने सुरू होणाऱ्या बुलेटचा.

या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असतात. दोघांना जोडणारी साखळी, क्लच आणि वीज तयार करणारा अल्टरनेटर डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये असतो. म्हणजे इंजिन, चेनकेस आणि गिअरबॉक्स अशा वंगणाच्या तीन जागा झाल्या. गळती यांपैकी कुठली, हा पहिला प्रश्न.

गळतीचा उगम कसा शोधावा?

ऑईल वरून खाली उतरते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे टॅपेटच्या झाकणातून निघालेले ऑईल गिअरबॉक्सखाली टपकू शकते. उगम शोधण्याची साधी पद्धत अशी:

१. थंड इंजिन रॉकेल आणि ब्रशने धुऊन फडक्याने कोरडे करावे.
२. संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी.
३. गाडी १० ते १५ किलोमीटर चालवून आणावी.
४. टॉर्च घेऊन सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा पाहावी. उगम बहुधा तिथेच असतो.
५. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवावा. डाग कुठे पडतो यावरून इंजिन, चेनकेस की गिअरबॉक्स याचा अंदाज येतो.

गळतीच्या नेहमीच्या जागा

ब्रीदर: पिस्टन खाली आला की क्रँककेसमधली हवा दाबली जाते. ती बाहेर सोडण्याचे काम ब्रीदर करतो. त्याची नळी तुंबली किंवा रबरी झडप कडक झाली तर तो दाब ऑईलला मिळेल त्या सांध्यातून बाहेर काढतो. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ओल दिसत असेल तर गॅस्केटचा नवा संच आणण्याआधी ब्रीदर साफ करावा.

जास्तीचे ऑईल: या इंजिनात ऑईलची टाकी क्रँककेसच्याच ओतीव भागात असते. गाडी काही आठवडे उभी राहिली की झिजलेल्या पंपातून ऑईल झिरपून क्रँकच्या कप्प्यात उतरते. मग डिपस्टिकवर पातळी कमी दिसते आणि मालक वरून ऑईल ओततो. इंजिन सुरू झाले की पंप खालचे ऑईल परत टाकीत आणतो, पातळी प्रमाणाबाहेर जाते आणि जादा ऑईल ब्रीदरमधून बाहेर फेकले जाते. म्हणून पातळी नेहमी इंजिन काही मिनिटे चालवून, बंद करून तपासावी.

रॉकरच्या ऑईल नळ्या: हेडकडे जाणाऱ्या बाहेरच्या नळ्यांच्या बोल्टखाली तांब्याचे वायसर असतात. ते दाबून कडक होतात. नवे बसवावेत, किंवा जुने लाल होईपर्यंत तापवून थंड करावेत. त्याने तांबे पुन्हा मऊ होते.

चेनकेस: जुन्या बुलेटच्या चेनकेसचे झाकण मध्यभागी एकाच नटने धरलेले असते आणि कडेला रबरी सील असते. गळती थांबावी म्हणून हा नट जोरात आवळला की झाकण वाकते आणि गळती वाढते. सील बदलावे आणि नट बेताने आवळावा.

गिअरबॉक्स: जुन्या गिअरबॉक्समध्ये घट्टसर वंगण अपेक्षित असते. त्यात पातळ ऑईल भरले तर ते बाहेर येणारच.

क्रँककेस आणि झाकणे अ‍ॅल्युमिनियमची असल्याने जोर लावला की आटे जातात. सीलंटही पातळच लावावे. आत सुटलेला त्याचा तुकडा ऑईलची वाट बुजवू शकतो आणि मग गळतीपेक्षा मोठा खर्च उभा राहतो.

दोन गळत्यांकडे मात्र एक दिवसही दुर्लक्ष करू नये. कॉक किंवा कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गरम इंजिनावर पडत असेल तर आगीचा धोका असतो. ऑईल मागच्या टायरपर्यंत जात असेल तर वळणावर गाडी घसरते.

बॅटरी खरोखर खराब आहे का?

या बुलेटमध्ये ठिणगी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांच्यावर चालते. म्हणून बॅटरी पूर्ण उतरली की किक मारूनही गाडी सुरू होत नाही. तपासणीला साधा मल्टिमीटर पुरतो.

पहिली तपासणी, स्थिर व्होल्टेज: चार्ज केलेली बॅटरी काही तास तशीच ठेवून मोजावी. १२ व्होल्टच्या बॅटरीत १२.६ च्या आसपास आणि ६ व्होल्टच्या बॅटरीत ६.३ च्या आसपास आकडा हवा. पूर्ण चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी आकडा बराच खाली आला तर बॅटरी संपली असे समजावे.

दुसरी, टर्मिनल आणि अर्थिंग: पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, कोरडे करून पेट्रोलियम जेली लावावी. चॅसिसवर जिथे अर्थिंगची वायर बसते तिथला रंग आणि गंज खरवडून काढावा. बॅटरीचा म्हणून सांगितला जाणारा दोष अनेकदा इथेच निघतो.

तिसरी, चार्जिंग: इंजिन मध्यम वेगात ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजावे. १२ व्होल्टच्या गाडीत साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. आकडा वाढतच नसेल तर अल्टरनेटर, रेक्टिफायर किंवा मधली वायर तपासावी. तो १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. असा रेग्युलेटर नवी बॅटरीही उकळून मारतो.

चौथी, विजेची गळती: किल्ली बंद करून बॅटरीची एक वायर काढावी आणि मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून मध्ये जोडावा. जुन्या बुलेटमध्ये हा आकडा जवळजवळ शून्य हवा. १०० मिलीअँपिअरची गळती म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास, म्हणजे ५ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे दोन दिवसांत रिकामी. आकडा दिसला तर एकेक वायर सोडवून पाहावी. रेक्टिफायरची वायर काढताच गळती थांबली तर त्यातला डायोड गेला आहे.

हेडलाइटजवळचा अँपिअर मीटरही बरेच सांगतो. इंजिन बंद असताना किल्ली फिरवली आणि पॉइंट मिटलेले असले की काटा वजा बाजूला जातो, उघडे असले की शून्यावर येतो. याच कारणाने किल्ली चालू राहिली तर बॅटरी उतरते आणि कॉइलही तापते. दिवा लावून संथ चालताना काटा थोडा वजा जाणे स्वाभाविक आहे. पण ३५ वॅटच्या जागी ६० वॅटचा बल्ब लावला तर १२ व्होल्टवर ३ ऐवजी ५ अँपिअर लागतात. जुन्या अल्टरनेटरला ते झेपत नाही आणि रोज थोडी थोडी बॅटरी उतरत राहते.

दोन्ही दुखणी जिथे एकत्र येतात

अल्टरनेटर चेनकेसमध्ये, ऑईलच्या सान्निध्यात असतो. त्याची वायर रबरी ग्रोमेटमधून बाहेर येते. ग्रोमेट कडक झाला की वायरीच्या कडेने ऑईल झिरपते आणि गरम ऑईलने वायरीवरचे आवरणही कडक होऊन तडकते. म्हणजे गळती आणि मंद चार्जिंग यांचे मूळ एकच असू शकते. उलट, गळती काढण्यासाठी चेनकेस उघडल्यावर वायर झाकणात चिमटली तर त्याच दिवशी चार्जिंग बंद होते. त्यामुळे झाकण बसवण्याआधी वायर नीट आहे का आणि फिरणारा रोटर स्टेटरला कुठे घासत नाही ना, हे पाहावे.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवताना

बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे ५ अँपिअर-तासांसाठी अर्धा अँपिअर असावा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या झाकल्या जातील इतके डिस्टिल्ड वॉटर आधी घालावे आणि उरलेली पातळी चार्जिंग झाल्यावर पूर्ण करावी. अ‍ॅसिड वरून घालू नये. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, म्हणून खोली हवेशीर असावी आणि जवळ विडी-काडी पेटवू नये. अधूनमधून गाडी पाच मिनिटे जागेवर सुरू ठेवण्याने बॅटरी भरत नाही. मंद इंजिनात जेमतेम दिवा-कॉइलपुरतीच वीज तयार होते.